प्लॅटिनमच्या तारेचा कौल

१९५२ सालच्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ पसरली. घशाचे व श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण, त्यांतही बहुतांशी मुले, ब्लेग्डम रुग्णालयात रोज येऊ लागले. आरंभी श्वसनयंत्रात ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तद्रवातील कार्बन डाय-ऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले आढळे, आणि या वाढीचा अर्थ रक्त क्षारधर्मी झाले आहे असा लावला जाई. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी हा अर्थ नाकारला. रुग्णाला पुरेसा श्वास सोडता येत नाही म्हणून वायू साचतो आहे, आणि रक्त क्षारधर्मी नव्हे तर अम्लधर्मी होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. श्वासनलिकेला छेद घेऊन, तीत नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरली की साचलेला वायू उतरतो, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखविले. प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी काचेच्या विद्युदग्राने रक्ताची अम्लता मोजली, तेव्हा तिनेही इब्सेन यांचीच बाजू घेतली. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

या हकिकतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आकडा आरंभापासूनच उपलब्ध होता. तो खोटाही नव्हता. चुकला होता तो त्याचा अर्थ. आणि तो सुधारण्यासाठी दुसरे, निराळ्या जातीचे मोजमाप लागले. काचेच्या विद्युदग्राला रुग्णशय्येपाशी कायमचे स्थान मिळाले, ते ते अचूक होते एवढ्यानेच नव्हे. त्याच्या सांगण्यावरून उपचार बदलला आणि रुग्ण जगले, म्हणून मिळाले.

आज अतिदक्षता विभागाच्या दाराशी दुसरे एक विद्युदग्र उभे आहे. ते प्लॅटिनमचे आहे. रक्तद्रवाचा एखादा थेंब त्याच्यावर ठेवावा, शेजारी चांदी व सिल्व्हर क्लोराइड यांचे तुलनेचे अग्र असावे, आणि दोहोंमधील विद्युत् वर्चसाचा फरक मिलिव्होल्टमध्ये वाचावा, इतकीच त्याची कृती. काही मिनिटांत उत्तर मिळते. हे उत्तर म्हणजे रुग्णाच्या शरीरातील ‘ऑक्सिडीकारक ताण’ होय, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. हा दावा कितपत ग्राह्य धरावा, आणि त्या आकड्याच्या भरवशावर औषध द्यावे की नाही, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम ताण म्हणजे काय ते पाहू. ज्या ऑक्सिजनवाचून प्राणी जगत नाही, तोच त्याला जाळू शकतो. १९५४ साली रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, अतिरिक्त ऑक्सिजनाने होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा या दोहोंच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे. दोन्हींत अत्यंत क्रियाशील असे मुक्त मूलक निर्माण होतात. त्याच सुमारास, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना मुक्तहस्ताने दिलेला ऑक्सिजन त्यांची दृष्टी हिरावून घेतो, हेही सिद्ध झाले होते. १९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड मूलकाचा नाश करणारे एंझाइम शोधून काढले. ज्या शत्रूसाठी शरीराने स्वतंत्र पहारेकरी नेमला आहे, तो शत्रू काल्पनिक नाही, हे त्याने ठरले. पुढे १९८५ साली हेल्मुट सीस यांनी ‘ऑक्सिडीकारक ताण’ या कल्पनेला नेमके रूप दिले. ऑक्सिडीभवन घडविणारी द्रव्ये आणि त्यांना आवर घालणारी द्रव्ये यांचा तोल पहिल्यांच्या बाजूला कलला, की तो ताण.

गंभीर आजारात हा तोल का ढळतो, हे समजणे कठीण नाही. जंतुसंसर्गाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड शस्त्रासारखे वापरतात. पण शस्त्र सुटले की ते आपपर पाहत नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या अवयवाला रक्त पुन्हा मिळू लागते, त्या क्षणीही मूलकांचा लोंढा उसळतो. पेशींतील ऊर्जाकेंद्रे बिघडली म्हणजे तेथून इलेक्ट्रॉन गळू लागतात आणि ऑक्सिजनला जाऊन चिकटतात. उलट बाजूला क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, सेलेनियमयुक्त एंझाइमे यांचा साठा आजाराच्या पहिल्या दिवसांतच आटतो. ताण आहे, हे सर्वमान्य आहे. तो मोजावा कसा, येथे मतभेद सुरू होतो. कारण मूलकांपैकी सर्वांत दाहक जो हायड्रॉक्सिल, त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांशाच्या घरात असते. सुई टोचून, रक्त काढून, ते प्रयोगशाळेत नेईपर्यंत त्याचा मागमूसही उरत नाही. मोजता येतात त्या त्याच्या पाऊलखुणा.

प्लॅटिनमची तार या पाऊलखुणा निराळ्या रीतीने वाचते. ती स्वतः विक्रियेत भाग घेत नाही. द्रवातील पदार्थ तिला इलेक्ट्रॉन देऊ पाहतात किंवा तिच्याकडून घेऊ पाहतात, आणि या ओढाताणीतून तिचे वर्चस् ठरते. वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ साली यासाठी जे समीकरण मांडले, ते आज महाविद्यालयातील विद्यार्थीही शिकतो. एका इलेक्ट्रॉनची देवघेव करणारी जोडी असेल, तर तिच्या ऑक्सिडीभूत व क्षपित रूपांचे गुणोत्तर दहापट बदलताच वर्चस् २५ अंश सेल्सिअस तपमानास ५९ मिलिव्होल्टने सरकते. द्रवात ऑक्सिडीकारक द्रव्ये वरचढ झाली की आकडा धन बाजूस चढतो, क्षपणकारक वरचढ झाली की उतरतो. उपकरण स्वस्त, तत्त्व निर्विवाद, उत्तर तत्काळ. एवढे गुण एकत्र आढळणे दुर्मीळच.

प्रत्यक्ष रुग्णांवरील निरीक्षणेही उत्साहवर्धक आहेत. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनेक गंभीर दुखापती झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवाचे वर्चस् निरोगी माणसांपेक्षा चढे आढळले. दुखापतीनंतरच्या दिवसांत ते वाढत गेले आणि प्रकृती सुधारताना खाली येऊ लागले. पुढे त्याच प्रांतात मेंदूला मार लागलेल्या रुग्णांतही वर्चस् आणि इजेची तीव्रता यांचा संबंध तपासला गेला. मॉस्को येथील स्क्लिफोसॉव्स्की संस्थेत अवयवारोपण झालेल्या रुग्णांच्या रक्तात प्लॅटिनमचे अग्र ठेवून, बाहेरून प्रवाह न लावता, त्याचे वर्चस् दिवसामागून दिवस नोंदविण्यात आले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात कोहेन आणि शेव्हियॉन यांनी दुसरा मार्ग धरला. अग्रावरील दाब क्रमाने वाढवीत नेऊन रक्तद्रवातील क्षपणकारक द्रव्ये किती प्रवाह देतात, ते त्यांनी मोजले. पहिल्या पद्धतीत तोल कोणीकडे झुकला आहे ते कळते, दुसऱ्या पद्धतीत कोठारात माल किती शिल्लक आहे ते कळते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि ते एकच प्रश्न नव्हेत.

इतके मान्य केल्यावरही या आकड्याला वैद्याचा सल्लागार नेमण्यापूर्वी थांबणे प्राप्त आहे.

नेर्न्स्टचे समीकरण समतोलाचे आहे, आणि जिवंत माणसाचे रक्त समतोलात कधीच नसते. याचा पुरावा रक्तातच सापडतो. अमेरिकेतील डीन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तद्रवातील दोन जोड्यांचे वर्चस् त्यांच्या प्रमाणांवरून काढले. निरोगी तरुण माणसात सिस्टिईन-सिस्टिन या जोडीचे ते सुमारे उणे ८० मिलिव्होल्ट येते, तर ग्लुटाथायोनच्या जोडीचे सुमारे उणे १४०. एकाच द्रवात, एकाच वेळी, दोन निरनिराळी उत्तरे! समतोल असता तर दोन्ही आकडे एक झाले असते. मग प्लॅटिनमची तार सांगते ते वर्चस् कोणाचे? खरे पाहता ते कोणा एकाचेच नव्हे. बाजारात दहाजण दहा भाव पुकारीत असता लांब उभ्या असलेल्या माणसाच्या कानी ज्याचा आवाज मोठा त्याचाच भाव पडावा, तसे ते मिश्र वर्चस् आहे. जी द्रव्ये प्लॅटिनमशी चटकन देवघेव करतात त्यांचे म्हणणे तारेला ऐकू येते. सिस्टिईन व ग्लुटाथायोन यांच्या जोड्या, ज्यांच्यावर शरीराची भिस्त आहे, तिच्याशी फारशा बोलतच नाहीत. त्यातून ग्लुटाथायोनचा जवळजवळ सगळा साठा पेशींच्या आत असतो, आणि तार बुडते ती पेशींबाहेरच्या द्रवात. घरात आग लागली आहे की नाही, हे गल्लीतल्या हवेवरून ताडण्याचा हा प्रकार आहे. पुष्कळदा जमतो, पण नेहमी नाही.

कोठार मोजण्याच्या पद्धतीत तर याहून चमत्कारिक घोटाळा संभवतो. रक्तद्रवातील क्षपणकारक द्रव्यांत सर्वांत मोठा वाटा यूरिक अम्लाचा असतो. गंभीर आजारात मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की हे अम्ल रक्तात साचते. यकृत बिघडले की बिलिरुबिन वाढते, आणि तेही क्षपणकारकच आहे. परिणामी रुग्ण जसजसा खालावतो, तसतशी त्याच्या रक्ताची ‘प्रतिकारशक्ती’ उपकरणावर वाढलेली दिसू शकते. सेप्सिसच्या रुग्णांत असे प्रत्यक्ष आढळलेले आहे. आकडा पाहून समाधान मानावे आणि रुग्णाकडे पाहून धास्तावावे, अशी ही स्थिती. यूरिक अम्ल स्वतंत्रपणे मोजून वजा केल्याखेरीज असा आकडा छापूही नये, असे म्हणण्यास हरकत नसावी.

शिवाय अतिदक्षता विभागातील रुग्णाचे रक्त हे केवळ त्याचे रक्त राहिलेले नसते. त्यात पॅरासिटॅमॉल असते, जे विद्युदग्रावर सहज ऑक्सिडीभूत होते. झोपेसाठी दिलेले प्रोपोफॉल असते. ते रासायनिक दृष्ट्या फिनॉल आहे आणि स्वतःच ऑक्सिडीभवन रोखते. कधी क जीवनसत्त्वाचा मोठा डोस असतो, आणि या जीवनसत्त्वाने काय होते याचा अनुभव रुग्णालयांनी घेतलेला आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजणारी छोटी यंत्रे बहुतांशी विद्युत्-रासायनिक तत्त्वावरच चालतात. मोठ्या प्रमाणावर क जीवनसत्त्व दिलेल्या रुग्णांत त्यांपैकी काही साखर खोटीच वाढलेली दाखवितात, आणि तेवढ्यावर विसंबून इन्शुलिन दिल्यास रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साखरेसाठी खास एंझाइम बसविलेल्या अग्राची ही कथा. मग कोणाचीही निवड न करणाऱ्या उघड्या प्लॅटिनमचे काय सांगावे? रक्त हवेत किती वेळ राहिले, नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या काय, तारेचा पृष्ठभाग यापूर्वी कशाने माखला होता, या साध्या बाबींनीही आकडा हलतो.

यापूर्वीही रक्ताने विद्युदग्रावर असाच एक मोह घातला होता. यारोस्लाव्ह हेरॉव्स्की यांनी १९२२ साली प्राग येथे पोलॅरोग्राफी ही पद्धती शोधून काढली. तिच्यासाठी त्यांना १९५९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सहकारी रुडॉल्फ ब्रडिच्का यांना १९३३ साली असे दिसले की, कोबाल्टचे लवण मिसळलेल्या अमोनियायुक्त द्रावात प्रथिन असले, तर पाऱ्याच्या थेंबावर प्रवाहाचा वैशिष्ट्यपूर्ण तरंग उमटतो. त्याचे कारण प्रथिनातील गंधकयुक्त गट, म्हणजे आज ऑक्सिडीकारक तणावाच्या चर्चेत जे अग्रभागी असतात तेच. कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात हा तरंग बदललेला आढळला, आणि १९३७ साली ब्रडिच्का यांनी त्यावर आधारलेली निदानपद्धती प्रसिद्ध केली. अनेक देशांतील प्रयोगशाळांनी ती करून पाहिली. मग कळले की, दाह, जंतुसंसर्ग, यकृताचे विकार यांतही तरंग तसाच बदलतो. मोजमाप बिनचूक होते. ते ‘हा मनुष्य आजारी आहे’ एवढेच सांगत होते, आणि ते तर खाटेवर पडलेल्या माणसाकडे पाहूनही कळत होते. त्या तरंगाने पुढे प्रथिनांच्या रसायनशास्त्राची मोठी सेवा केली. कर्करोगाच्या निदानातून मात्र तो निवृत्त झाला.

येथे कोणी म्हणेल की, मग हे मोजमाप टाकूनच द्यावे. तसे म्हणणे अत्यंत अनुचित होईल. कारण न मोजता उपचार केल्याची किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. ताण आहे, साठा आटला आहे, म्हणून साठा भरून द्यावा, हा तर्क इतका सरळ वाटे की त्यावर मोठमोठ्या चाचण्या उभ्या राहिल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ४० अतिदक्षता विभागांतील, अनेक अवयव निकामी होत असलेल्या १२२३ रुग्णांपैकी काहींना ग्लुटामिन, काहींना सेलेनियम, जस्त व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण, काहींना दोन्ही, तर काहींना यांपैकी काहीच देण्यात आले नाही. मिश्रणाने फायदा झाला नाही. ज्या ग्लुटामिनपासून शरीर ग्लुटाथायोन बनविते, त्याने तर मृत्यू वाढले. जर्मनीत सेप्सिसच्या १०८९ रुग्णांवर सेलेनियमची परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष २०१६ साली निघाला. सेलेनियम निरुपयोगी ठरले. २०२२ सालच्या चाचणीत सेप्सिसच्या ८७२ रुग्णांपैकी निम्म्यांना शिरेतून क जीवनसत्त्व दिले गेले. २८ दिवसांअखेर मृत्यू किंवा अवयवांचा चालू राहिलेला बिघाड यांचे प्रमाण जीवनसत्त्व मिळालेल्यांत शेकडा ४४.५, आणि न मिळालेल्यांत ३८.५ भरले.

या तिन्ही चाचण्यांत रुग्णांची निवड आजाराच्या तीव्रतेवरून झाली. कोणाच्या रक्तातील तोल किती ढळला आहे, हे मोजून झाली नाही. मुक्त मूलक केवळ जाळपोळ करीत नाहीत. अल्प प्रमाणात ते पेशींमधील निरोपे असतात आणि जंतूंविरुद्धचे शस्त्र तर असतातच. ज्याला त्यांची गरज होती त्याचे शस्त्र हिरावले गेले, आणि ज्याला संरक्षण हवे होते तो त्याच गर्दीत हरवला, असे घडले असणे शक्य आहे. शक्य आहे, एवढेच. हे पडताळून पाहण्याचे साधन म्हणून विद्युदग्राचे महत्त्व अबाधित आहे, आणि त्याचा खरा दावाही इतकाच असावा.

भारतातील रुग्णालयांना परिचित असलेले एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. पॅराक्वॉट हे तणनाशक १९६२ साली बाजारात आले. तत्पूर्वी तीसेक वर्षे तेच द्रव्य रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर ‘मिथिल व्हायोलोजेन’ या नावाने वावरत होते. लिओनोर मायकेलिस यांनी १९३०च्या दशकात ते क्षपणाचे दर्शक म्हणून योजले, कारण एक इलेक्ट्रॉन मिळताच ते रंगहीनाचे गर्द निळे होते. जो गुण काचपात्रात दर्शकाचा, तोच शरीरात घातक ठरतो. फुप्फुसाच्या पेशीत पॅराक्वॉट इलेक्ट्रॉन घेते, ऑक्सिजनला देऊन सुपरऑक्साइड बनविते, आणि पुन्हा घेण्यास मोकळे होते. हे चक्र थांबत नाही. यावर खात्रीचा उतारा अद्याप नाही. रुग्ण धापा टाकीत असतानाही सरसकट ऑक्सिजन देऊ नये, असे येथे शिकविले जाते, कारण ऑक्सिजन हेच त्या आगीचे सरपण आहे. अशा रुग्णाच्या मूत्रात सोडियम डायथायोनाइट टाकले आणि ते निळे झाले, की निदान पक्के. नव्वद वर्षांपूर्वीचे क्षपण-ऑक्सिडीभवनाचे रसायनशास्त्र आजही अशा रीतीने खाटेपाशी उपयोगी पडते. मात्र तो निळा रंग एका नेमक्या द्रव्याची साक्ष देतो, आणि ती साक्ष मिळताच वैद्याने काय करावे व काय टाळावे हे बदलते. मिलिव्होल्टच्या आकड्यापाशी आज या दोहोंपैकी काहीच नाही.

म्हणून, ज्या रुग्णालयाला अद्याप रक्तातील वायू, अम्लता आणि लॅक्टेट मोजण्याची सोय करता आलेली नाही, त्याने या नव्या उपकरणासाठी एक पैसाही बाजूला ठेवू नये. ज्या शिक्षण-रुग्णालयांपाशी ती सोय आहे आणि रसायनशास्त्राचा चांगला विभाग शेजारी आहे, त्यांनी ते अवश्य घ्यावे. पण औषधालयासाठी नव्हे, संशोधनासाठी घ्यावे. दोन रुग्णांच्या आकड्यांची तुलना करण्यापेक्षा एकाच रुग्णाच्या आकड्याची चाल पाहणे अधिक विश्वासार्ह, कारण त्याचे यूरिक अम्ल, त्याची औषधे व त्याचा आहार निदान एका वहीत नोंदलेले असतात.

आणि चाचणी घ्यावयाची ती अशी. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. दोन्ही गटांचे वर्चस् मोजावे. एका गटात आकडा वैद्याला कळवावा आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तो गेला तरच औषध सुरू करावे. दुसऱ्या गटात तो मोहोरबंद पाकिटात ठेवावा आणि नेहमीचा उपचार चालू राहावा. नमुना एकाच प्रकारच्या नळीत, ठरलेल्या वेळी घ्यावा. तारेचा पृष्ठभाग दर वेळी एकाच रीतीने स्वच्छ करावा. प्रत्येक आकड्याशेजारी यूरिक अम्लाचा आणि दिलेल्या औषधांचा रकाना असावा. शेवटचा रुग्ण घरी जाईपर्यंत, किंवा न जाईपर्यंत, पाकिटे उघडू नयेत.